शहराची यादी आणि आपल्या वास्तू

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



एखादे शहर कोणत्या वास्तूंना ऐतिहासिक म्हणते, आणि ते कोण ठरवते, हा आजचा विषय आहे. हा तर वास्तुविशारदांचा विषय, बँकेतल्या कारकुनाने त्यावर काय बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु आमच्या नोकरीची वीस-बावीस वर्षे घरांच्या कागदपत्रांतच गेली आहेत. गृहकर्जाची फाईल आली की तीत मूल्यांकनाचा अहवाल असतो. बांधकाम किती जुने, क्षेत्रफळ किती, समोरचा रस्ता किती रुंद, बाजारभाव काय, इमारत अजून किती वर्षे तग धरेल, या सर्वांना त्यात रकाने असतात. या घरात कोण राहून गेले, इथे कोणती सभा भरली, याला मात्र रकाना नसतो. बँकेला त्याची गरजही नसते, कारण आठवण तारण म्हणून ठेवता येत नाही.

शहराच्या एका वहीत मात्र असा रकाना आहे, आणि तो कायद्याने आहे. ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणूनच आम्ही हा विषय निवडला.

प्रथम मुंबईचे उदाहरण घेऊ. कान्हेरीसारखी प्राचीन लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असतात. त्यांचा कायदा १९५८ सालचा आहे आणि त्यासाठी वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. पण शहरातली राहती घरे, चाळी, शाळा, सभागृहे, बाजार यांचे काय? त्यांच्यासाठी राज्य शासनाने एप्रिल १९९५ मध्ये बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम क्रमांक ६७ लागू केला. २०१८ साली मंजूर झालेल्या नव्या नियमावलीत हाच विषय ५२ क्रमांकाच्या नियमात आला आहे. शहरातील वारसा वास्तूंसाठी असा नियम करणारे मुंबई हे भारतातील पहिले शहर. या नियमाबरोबर सहाशेहून अधिक वास्तूंची आणि परिसरांची यादी प्रसिद्ध झाली.

या यादीत तीन श्रेण्या आहेत. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा मोठ्या ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू येतात. गेट वे ऑफ इंडिया, उच्च न्यायालय या त्यातल्या. त्यांना बळकटीसाठी अत्यावश्यक असेल तेवढाच हात लावता येतो. दुसऱ्या श्रेणीत स्थानिक महत्त्वाच्या वास्तू असून तिचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग आहेत. ‘अ’ मध्ये बाहेरचे रूप राखून आतील बदल करता येतात, तर ‘ब’ मध्ये त्याच आवारात जादा बांधकामालाही वाव असतो. तिसऱ्या श्रेणीत परिसराला रूप देणाऱ्या वास्तू येतात आणि तेथे बदलाची मोकळीक सर्वांत जास्त असते. मालकाचे नुकसान होऊ नये म्हणून, जे चटईक्षेत्र त्या जागेवर वापरता येत नाही ते दुसरीकडे वापरण्याचा हक्क त्याला मिळू शकतो. त्यालाच टीडीआर म्हणतात.

हे ठरवते कोण? पालिका आयुक्त यादी तयार करतात आणि त्यांना सल्ला देण्यासाठी मुंबई वारसा संवर्धन समिती असते. तिच्यात वास्तुविशारद, संरचना अभियंते, नगररचनाकार, इतिहासाचे जाणकार अशी मंडळी असतात. यादी जाहीर करून मालकांकडून आणि सामान्य नागरिकांकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मग शासनाची मंजुरी लागते. समितीचा सल्ला डावलायचा झाल्यास आयुक्तांना त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. ‘हरकती व सूचना’ हे तीन शब्द विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावेत. आपण पुन्हा त्यांच्याकडे येणार आहोत.

आता मुख्य मुद्दा. वास्तू निवडायची ती कशाच्या आधारावर? सर्वसाधारण समज असा की दगडी बांधकाम, कमानी, घुमट, रंगीत काचा असल्या म्हणजे वास्तू वारसा ठरते. नियम तसे म्हणत नाही. यादीत प्रत्येक वास्तूसमोर इंग्रजी आद्याक्षरे असतात आणि प्रत्येक अक्षर म्हणजे निवडीचे एक कारण असते. शैलीला एक अक्षर आहे, कालखंडाला आहे, तंत्रज्ञानाला आहे. त्याचबरोबर ‘सी’ हे अक्षर सामाजिक व आर्थिक इतिहासाशी असलेल्या संबंधासाठी आहे आणि ‘डी’ हे अक्षर नामवंत व्यक्तींशी किंवा घटनांशी असलेल्या संबंधासाठी आहे. याचा अर्थ असा की, जिच्यावर एकही नक्षी नाही अशी साधी चाळदेखील नियमाप्रमाणे वारसा ठरू शकते. नियमाने दार बंद केलेले नाही. पण उघड्या दारातून कोणीतरी आत जावे लागते, आणि जाताना हातात कागद असावे लागतात.

फोर्टातील दादाभाई नौरोजी रस्त्याकडे पाहा. हा संपूर्ण रस्ता वारसा परिसर म्हणून यादीत आहे. पर्यटक तिथल्या कमानींच्या रांगा पाहतात, छायाचित्रे घेतात. त्याच फोर्टात बाबासाहेबांनी १९४६ साली स्थापन केलेले सिद्धार्थ महाविद्यालय आहे. दिवसा नोकरी करून सकाळच्या वर्गात शिकलेली कितीतरी माणसे तिथून बाहेर पडली. आमच्या बँकेत आमच्या आधीच्या पिढीत भेटलेले कित्येक सहकारी तिथलेच. कमानी पाहणाऱ्याला हा इतिहास दगडात दिसत नाही. तो सांगावा लागतो, लिहावा लागतो.

आपल्या इतिहासाच्या वास्तू बहुधा अशाच साध्या आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ साली मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले आणि त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. याच त्या बीआयटी चाळी. परळच्या पोयबावडीजवळच्या अशाच एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत, बाबासाहेब आपल्या कुटुंबासह १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे राहिले. अमेरिकेला आणि इंग्लंडला ते गेले, परत आले, महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदा झाल्या. हा सर्व काळ त्या दोन खोल्यांचा आहे. जवळच दामोदर हॉल. ९ मार्च १९२४ रोजी तिथे भरलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेची वाटचाल सुरू झाली. त्याच परिसरातले १९२२ सालचे दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा नाट्यकलावंतांनी आवाज उठवला. तो नाट्यपरंपरेच्या वतीने होता आणि योग्यच होता. पण १९२४ च्या त्या सभेच्या वतीने किती जण बोलले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

आणि २०१६ सालची ती घटना आपण कोणीही विसरलेलो नाही. दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना २५ जून २०१६ च्या पहाटे पाडण्यात आला. ज्या छापखान्याशी ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे जोडलेली होती, त्याच्या जागी सकाळी मातीचा ढीग होता. जुलैमध्ये भर पावसात प्रचंड मोर्चा निघाला. त्या वेळचा वाद मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरत राहिला. इमारत धोकादायक होती की नव्हती, आणि मालकी कोणाची? त्या वादात कोण बरोबर, यात आज आम्हाला शिरायचे नाही. आम्हाला तिसऱ्या प्रश्नाकडे लक्ष वेधायचे आहे. ही वास्तू शहराच्या इतिहासाचा पुरावा आहे काय, हा तो प्रश्न. तो इमारत उभी असताना विचारायचा असतो. मोर्चा कितीही मोठा असला तरी तो पाडलेली भिंत उभी करू शकत नाही. वेळेवर केलेला एक साधा अर्ज कदाचित ती पडण्यापूर्वी चार माणसांना विचार करायला लावू शकतो.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण या सभागृहात चाळीत राहणारी माणसे बसली आहेत. २०१२ साली मुंबईत आणखी ९४८ वास्तू आणि परिसर यादीत घेण्याचा प्रस्ताव जाहीर झाला. शिवाजी पार्कसारख्या भागांतील रहिवाशांनी त्याला कडाडून विरोध केला. इमारती मोडकळीस आल्या आहेत, दुरुस्तीला पैसा नाही, आणि वारशाचा शिक्का बसला तर पुनर्विकास अडेल, ही त्यांची भीती होती. पुढे हरकतींची छाननी करण्यासाठी शासनाला समिती नेमावी लागली. सुस्थितीतल्या वस्तीतील लोकांना ही भीती वाटते, तर दहा बाय सोळाच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला का वाटू नये?

बीडीडी चाळींचे घ्या. १९२० च्या दशकात बांधलेल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. खोली १६० चौरस फुटांची, शौचालय सामाईक. या चाळींनी गिरणी कामगारांची चळवळ पाहिली, आंबेडकरी चळवळ पाहिली, १९७४ सालची वरळीची दंगल सोसली. इतिहास म्हणाल तर पायरीपायरीवर आहे. पण त्या इतिहासासाठी तिथल्या माणसांनी आणखी पन्नास वर्षे पहाटे डबा घेऊन रांगेत उभे राहावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. चाळीतली माणसे ही काही संग्रहालयातल्या वस्तू नव्हेत.

मग मार्ग कोणता? आमच्या मते सर्व जपणे शक्य नाही आणि सर्व पाडणे योग्य नाही. दोनशे इमारतींतून एक इमारत, एका इमारतीतून एक मजला, निदान एक जिना आणि दोन खोल्या जशाच्या तशा राखता येतात. बाकीच्या ठिकाणी माणसांना चांगली घरे मिळावीत. मात्र कोणती एक राखायची, हे आराखडा मंजूर होण्यापूर्वी ठरले पाहिजे, आणि ते तिथे राहणाऱ्यांनी ठरवले पाहिजे. नाहीतर दुसरा कोणीतरी स्वतःच्या सोयीने ठरवील.

काही जण म्हणतील, इमारत गेली तरी हरकत नाही, त्या जागी भव्य स्मारक उभारू. पुण्याचा भिडेवाडा याच प्रश्नापाशी येतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली ती या वाड्यात. वर्षानुवर्षे जागेचा खटला चालला, आणि वाडा ढासळत गेला. अखेर न्यायालयाचा निकाल लागल्यावर पालिकेने जागा ताब्यात घेतली आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो जीर्ण वाडा उतरवला, राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी. स्मारक व्हावे, ही आपली सर्वांचीच इच्छा होती. तरी एक गोष्ट बोलली पाहिजे. त्याच पुण्यात शनिवारवाड्याचा आतील भाग १८२८ च्या आगीत गेला, तरी उरलेला तट आणि दरवाजे आज संरक्षित आहेत. पेशव्यांच्या वाड्याचे अवशेषदेखील जपले जातात, आणि मुलींच्या शाळेचा वाडा मात्र स्मारकासाठीही उभा राहू शकला नाही. स्मारक आजची पिढी बांधते, म्हणून ते आजच्या पिढीचे बोलते. जुनी भिंत साक्षीदार असते. खटल्यात साक्षीदाराच्या जागी साक्षीदाराचा पुतळा चालत नाही.

आता आपण परदेशातील दोन उदाहरणे पाहू, कारण इतर शहरांतही हाच प्रश्न उपेक्षितांपुढे उभा राहिला आहे.

न्यूयॉर्क शहरात १९६३ साली पेनसिल्व्हेनिया स्टेशनची भव्य इमारत पाडायला घेतली. लोक हळहळले, आणि १९६५ साली शहराने वास्तुसंरक्षणाचा कायदा केला. त्याप्रमाणे अकरा सदस्यांचा आयोग असतो. त्यात वास्तुविशारद आणि इतिहासकार तर हवेतच, शिवाय शहराच्या पाचही विभागांतील किमान एकेक रहिवासी असलाच पाहिजे. वास्तू किमान तीस वर्षांची असावी लागते, जाहीर सुनावणी होते, आणि अखेर प्रकरण नगर परिषदेपुढे जाते.

त्याच शहराच्या ब्रुकलिन विभागात वीक्सव्हिल नावाची वस्ती होती. न्यूयॉर्क राज्यात १८२७ साली गुलामगिरी संपली. त्यानंतर १८३८ साली जेम्स वीक्स या कृष्णवर्णीय माणसाने तिथे जमीन घेतली, आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांचे गाव उभे राहिले. त्यांची शाळा होती, चर्च होते, वर्तमानपत्र होते. पुढे शहर वाढले, गाव पोटात गेले आणि विसरले गेले. १९६८ साली काही अभ्यासकांनी जुने नकाशे पाहून, विमानातून पाहणी करून, एका जुन्या गल्लीच्या कडेला उरलेली चार लाकडी घरे शोधली. साधी घरे, नक्षी नाही, घुमट नाही. तेव्हा आजूबाजूच्या वस्तीतील लोक आणि शाळकरी मुले उत्खननाला मदतीला आली, वस्तू गोळा केल्या, जुनी छायाचित्रे जमवली. १९७० साली, म्हणजे शोध लागल्यापासून दोन वर्षांत, शहराने ती चार घरे ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर केली. आज तिथे संग्रहालय आहे. एका मोठ्या रेल्वे स्टेशनसाठी झालेला कायदा चार गरीब घरांच्या उपयोगी पडला, कारण ती घरे आयोगाच्या टेबलापर्यंत नेणारी माणसे आणि मुले त्या वस्तीत होती.

दुसरे उदाहरण लंडनचे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. घर घेतले म्हणजे काम संपले, असे आपल्याला वाटले. पण निवासी घराचे संग्रहालय करायचे तर तिथल्या स्थानिक परिषदेची परवानगी लागते. काही शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि २०१८ साली कॅम्डेन परिषदेने परवानगी नाकारली. मग अपील झाले, २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली, बाजू मांडली गेली, आणि मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. म्हणजे पैसा आणि भावना असूनही शेवटी रीतसर बाजू मांडावीच लागली. भिंतीवर पाटी लावणे आणि वास्तूला कायद्याचे संरक्षण मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही लक्षात ठेवावे. नुसत्या पाटीने हातोडा थांबत नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, आपण काय करावे? आम्ही कारकून माणसे, आम्हाला कागदाची भाषा कळते, म्हणून कागदाच्याच चार गोष्टी सांगतो.

पहिली, आपल्या वस्तीतील वास्तूंची वही करा. समाजमंदिर, विहार, वाचनालय, व्यायामशाळा, वसतिगृह, ज्या खोलीत गायन पार्टीची तालीम होत असे ती खोली, ज्या पटांगणात सभा झाली ते पटांगण. प्रत्येकाला एक पान द्या. सिटी सर्व्हे क्रमांक आणि मालमत्ता पत्रक मिळवून त्यात लावा.

दुसरी, घरातले जुने कागद रद्दीत टाकू नका. भाडेपावती हा फार मोठा पुरावा आहे. कोणत्या साली, कोणत्या खोलीत, कोण राहत होते, हे तीच सांगते. सभेचे हस्तपत्रक, संस्थेची इतिवृत्ताची वही, वर्गणीची पावतीपुस्तके, लग्नपत्रिकेवरचा पत्ता, मिरवणुकीचे छायाचित्र, हे सर्व जपा. छायाचित्राच्या मागे साल आणि नावे लिहा.

तिसरी, वडीलधाऱ्यांच्या आठवणी नोंदवा. आज विद्यार्थ्यांच्या खिशात फोन आहे आणि त्यात आवाज आणि चित्र दोन्ही उतरते. आजी-आजोबांना विचारा. सांगणाऱ्याचे नाव, वय, तारीख लिहा. एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याकडून आणि कागदावरून पडताळून पाहा. अतिशयोक्ती करू नका. बाबासाहेब जिथे आले नाहीत तिथे ते आले होते असे सांगितल्याने वास्तू मोठी होत नाही. उलट खऱ्या ठिकाणांवरचाही विश्वास उडतो.

चौथी, वर्तमानपत्रातील जाहीर सूचना वाचा. विकास आराखडा, वारसा यादी, पुनर्विकासाचा प्रस्ताव, प्रत्येकाला ‘हरकती व सूचना’ यांची मुदत असते. त्या मुदतीत पुराव्यासह अर्ज द्या आणि पोच घ्या. मुदतीनंतर दिलेल्या अर्जाचे काय होते, हे बँकेत आम्ही रोज पाहतो.

आणि हे सर्व करताना वास्तूत राहणाऱ्या माणसांना आधी विश्वासात घ्या. त्यांच्या घराचा प्रश्न बाजूला सारून केलेले जतन आपल्या विचारात बसत नाही.

यादी समिती करते, मंजुरी शासन देते, हे खरे. पण यादीपुढे काय यावे, हे आपल्या हाती आहे. सहाशे वास्तूंची पहिली यादी तयार होत होती तेव्हा आपल्यातील बहुतेकांना ती होते आहे हे कळलेही नाही. पुढची यादी होईल तेव्हा आपल्या वस्तीची वही तयार असावी, एवढेच आमचे मागणे आहे. येत्या सुटीत या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी पहिली दहा पाने भरावीत. मालमत्ता पत्रक कुठे आणि कसे मिळवायचे, अर्ज कसा लिहायचा, हे दाखवायला आम्ही रविवारी संस्थेच्या कार्यालयात बसू.